बिलाखालची एक ओळ

आपल्या देशात एक कायदा आहे. त्यात लिहिलंय की घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर, कुणाच्याही पगारावर नसताना काम करणाऱ्या माणसाचं बिल गिऱ्हाइकानं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं केलंच पाहिजे. नाही केलं तर व्याज. साधं नव्हे, चक्रवाढ; दर महिन्याला व्याजावर व्याज, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं! हा कायदा २ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मी अनुवादाची कामं घ्यायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता, आणि मला कळला अगदी आत्ता आत्ता. कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी इंग्रजीतून आणि हिंदीतून मराठीत अनुवाद करते. ॲपमधल्या सूचना, माहितीपटांची सबटायटल्स, बियाण्यांच्या पाकिटावरचा मजकूर, विम्याची पत्रकं. मी कोल्हापुरात, काम देणारे बंगळुरू, गुरुग्राम, हैदराबादेत. त्यांतल्या बहुतेकांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. काम मेलवर येतं, मेलवर जातं. पैशांचं मात्र तसं नसतं. ‘अकाउंट्सला पाठवलंय’, ‘सर टूरवर आहेत’, ‘आम्हालाच क्लायंटकडून अजून आलं नाही’, ‘पुढच्या सायकलमध्ये नक्की’. ऑनलाइन फ्रीलान्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला ही वाक्यं पाठ असतात. करारात ‘नेट ६०’ लिहिलेलं असतं, कुठे कुठे ‘नेट ९०’. म्हणजे बिल दिल्यावर तीन महिने थांबायचं, आणि तगादा लावायचा तो त्यानंतर. बाजाराची रीतच अशी आहे, असं सगळे म्हणतात.

नाही हो, रीत अशी नाहीये! कायद्यानं तर नाहीच नाही.

मला हे सांगितलं आमच्या शेजारच्या काकांनी. त्यांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून ते मोठ्या कारखान्यांना देतात. एका थकलेल्या बिलाबद्दल मी त्यांच्या दारात उभी राहून बोलत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बिलावर उद्यम नंबर घालतीस का?”

“काका, ते तुम्हा कारखानदारांचं. माझ्याकडे कुठलं मशीन?”

“अगं, सेवा देणारंबी उद्योगच की. माझ्या सीएला विचार. मार्च जवळ आला की मोठ्या पार्ट्या स्वतः फोन करतात मला, उद्यम सर्टिफिकेट पाठवा म्हणून. कधी नव्हे ते पैसेबी वेळेत सोडतात.”

त्या रात्री मी तो कायदा उघडला. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ (इंग्रजी आद्याक्षरांत एमएसएमईडी). सरकारी कायदा म्हणजे जाडजूड, न कळणारा, असं डोक्यात पक्कं होतं. पण हा छोटा आहे, आणि उशिरा मिळणाऱ्या पैशांबद्दलचा भाग तर कलम १५ ते २५ एवढाच. एका बैठकीत वाचून होतो. याआधी १९९३चा एक कायदा होता, तोही थकलेल्या पैशांवरच्या व्याजाचाच, पण लघुउद्योगांपुरता, म्हणजे माल बनवणाऱ्यांपुरता. २००६च्या कायद्यानं सेवा देणाऱ्यांनाही आत घेतलं. अनुवादक, डिझायनर, वेबसाइट बांधणारे, व्हिडिओ एडिटर, घरून हिशेब लिहून देणारे, सगळे! आणि सूक्ष्म उद्योगाची मर्यादा केवढी मोठी आहे बघा: १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत. माझी गुंतवणूक म्हणजे एक लॅपटॉप, एक खुर्ची आणि शब्दकोशांचं कपाट. मी अगदी आरामात बसते त्यात.

आता कलम १५ काय म्हणतं ते ऐका. पैसे देण्याची तारीख लेखी ठरली असेल तर त्या तारखेला किंवा त्याआधी पैसे द्यायचे. पण ती लेखी मुदतसुद्धा काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता कामा नये. काहीच लेखी ठरलं नसेल तर मुदत फक्त पंधरा दिवसांची. पंधरा! करार नाही म्हणून आपण हतबल, असं आपल्याला वाटत असतं. इथे करार नसेल तर मुदत उलट कमी होते. आणि कलम १६ व्याजाबद्दल बोलताना स्पष्ट सांगतं की करारात काहीही असो, व्याज लागणारच. ‘नेट ९०’वर सही केलेली असली तरी पंचेचाळिसाव्या दिवसानंतर मीटर सुरू.

पण मला सगळ्यात आवडलेली तरतूद याहून छोटी आहे. ती व्याख्यांमध्ये लपलेली आहे, त्यामुळे वरवर चाळणाऱ्याच्या नजरेतून सुटते. प्रश्न असा की काम ‘स्वीकारलं’ हे ठरवायचं कसं? माझ्या धंद्यातला हा खरा दुखरा भाग. फाइल पाठवली की समोरून येतं, “वाचून सांगतो”. मग वाचलं जात नाही आणि सांगितलंही जात नाही. काम पसंत आहे म्हणावं तर तसं कुणी बोललेलं नसतं, नापसंत म्हणावं तर तेही नाही. बिल लोंबकळत राहतं. कायद्यानं हे लोंबकळणंच कापून टाकलंय. काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं मानायचं. आणि स्वीकारल्याची तारीख कुठली धरायची? हरकतीची मुदत संपली ती नव्हे. ज्या दिवशी काम हाती दिलं, तीच!

मी हे दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. म्हणजे समोरच्यानं गप्प बसून वेळ काढला तर तो वेळ माझ्या खात्यातून जात नाही. ज्यानं कुणी हे वाक्य लिहिलं असेल त्याला उधारीवर दिवस काढणाऱ्या माणसाचं दुखणं आतून ठाऊक होतं. म्हणून आता फाइल पाठवताना मी मेलमध्ये साधं, स्वच्छ वाक्य लिहिते: अमुक कामाची अंतिम फाइल सोबत जोडली आहे, काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. फाइल व्हॉट्सॲपवर मागितली तर तिथेही देते, पण मेल जातेच. मेलवर तारीख असते, वेळ असते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-ए प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झालाय म्हणून कोणताही करार निकामी ठरत नाही. मेलवरचं “हो, या दरानं करा” हा करारच आहे. स्टॅम्पपेपर नाही म्हणून धास्तावायचं कारण नाही.

व्याजाचा हिशेबही करून बघितला, कारण आकड्यांशिवाय खरं वाटत नव्हतं. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता. त्याची तिप्पट २०.२५. चाळीस हजारांचं बिल मुदतीनंतर सहा महिने थकलं तर व्याज सव्वाचार हजारांच्या आसपास. वर्षभर थकलं तर जवळजवळ नऊ हजार. बँक रेट खाली आला की हा आकडाही उतरतो, पण मुदत ठेवीवर कुठली बँक एवढं देते? शिवाय कलम २३ म्हणतं की हे व्याज गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे ते सरळ त्याच्या खिशातून.

आता काकांच्या मार्चच्या फोनांचं कोडं. हे तर मला एखाद्या रहस्यकथेसारखं उलगडलं. २०२३च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्याच्या ४३बी कलमात (एच) हे पोटकलम घातलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झालं. त्याचा अर्थ असा: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कलम १५च्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येतात. ३१ मार्चला मुदत उलटून गेलेलं चाळीस हजारांचं बिल तसंच पडून असेल, तर कंपनीच्या नफ्यातून ते चाळीस हजार त्या वर्षी वजा होणार नाहीत. कंपनीचा कर पंचवीस टक्क्यांच्या आसपास धरला, तर माझे पैसे दाबून ठेवल्याबद्दल तिला त्या वर्षी दहा हजार रुपये जादा कर भरावा लागेल. ४३बीतल्या इतर बऱ्याच खर्चांना विवरणपत्र भरायच्या तारखेपर्यंत पैसे दिले तरी चालतात. या पोटकलमाला ती सवलत नाही. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरतेपासून सगळीकडच्या कापड बाजारात याच्यावरून केवढी खळबळ उडाली होती! तेव्हा बातम्या वाचून मी पान उलटलं असेल; आपला काय संबंध, असं वाटून. संबंध होता. त्या खळबळीच्या केंद्रस्थानी जो छोटा पुरवठादार होता, तो मीच होते!

म्हणून बिलावर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्समधला माणूस सावध होतो. तो काही माझ्यावर दया करत नाही. त्याच्या कंपनीला सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या रकमा वार्षिक हिशेबात वेगळ्या दाखवाव्या लागतात, २००६च्या कायद्याचं कलम २२ तसं सांगतं. आणि ऑडिटरचा प्रश्न आला की उत्तर त्याला द्यावं लागतं. माझं बिल आता ‘बघू’च्या ढिगात पडत नाही. त्याला तारीख चिकटलेली असते.

नोंदणी. याबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे, म्हणून नीट सांगते. ‘उद्यम’ म्हणजे या उद्योगांची सरकारी नोंदणी; ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, पॅन द्यायचा, कामाचा प्रकार यादीतून निवडायचा, बँकेचा तपशील भरायचा. एकही कागद अपलोड करावा लागत नाही. कायद्यानं जीएसटी नोंदणी लागत नसेल तर इथेही जीएसटी क्रमांक लागत नाही, आणि सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणपणे तो लागत नाही. फी शून्य. सर्टिफिकेट क्यूआर कोडसह मिळतं, नंबरात महाराष्ट्राचं ‘एमएच’ही असतं. माझं सर्टिफिकेट आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यावर माझं नाव होतं आणि खाली सूक्ष्म उद्योग असं छापलेलं होतं. आजवर ‘घरी बसून काहीतरी करते’ अशी माझी ओळख करून दिली जायची. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून समजून घ्यायची. नोंदणी कामाच्या आधी केलेली बरी. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात म्हटलंय की नंतर नोंदणी करून जुन्या व्यवहारांना हा लाभ मागता येत नाही. पैसे अडकल्यावर धावत जाऊन नंबर काढला तर तो पुढच्या बिलांना उपयोगी, मागच्याला उपयोगी पडेलच असं नाही.

मग माझ्या त्या जुन्या थकलेल्या बिलाचं काय? तिथे दुसराच शोध लागला, आणि तोही असाच डोळ्यांसमोर पडलेला होता. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या नावानं कापलेल्या टीडीएसचा उतारा असतो, ज्याला सगळे २६एएस म्हणतात. विवरणपत्र भरताना आपण तो बघतो आणि बंद करतो. टीडीएस कधी कापायचा असतो? पैसे देताना, किंवा रक्कम खात्यात जमा धरताना, दोन्हींतलं जे आधी घडेल तेव्हा. मी उतारा उघडला. त्या कंपनीचं नाव, तिमाही, आणि माझ्या त्याच बिलाची रक्कम! पैसे मला मिळाले नव्हते, पण त्यांच्या हिशेबात माझं बिल मान्य होऊन खर्ची पडलं होतं, त्यावरचा करसुद्धा सरकारजमा झाला होता. ‘काम अजून तपासायचंय’ असं मला सांगणाऱ्यांच्या वहीनंच काम मान्य केलं होतं. मी त्या उताऱ्याचा फोटो जोडून चार ओळींची मेल लिहिली. चढा शब्द एकही नाही, फक्त बिल क्रमांक, तारीख, उताऱ्यातली नोंद आणि ‘कृपया उरलेली रक्कम जमा करावी’. या वेळी “सर टूरवर आहेत” आलं नाही, पैसे आले. ज्यांची बिलं अडकलीत त्यांनी आजच हा उतारा बघा, खरंच बघा. नोंद असेल तर तुमच्या हातात पुरावा आहे. आणि साध्या दिवाणी दाव्यालाही पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ‘आता फार जुनं झालं’ असं लगेच म्हणायचं नाही.

आणि मेल, आठवणी, सगळं करूनही समोरचा हललाच नाही तर? तर २००६च्या त्याच कायद्याचं कलम १८ आहे. प्रत्येक राज्यात सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषद असते. आपण ऑनलाइन अर्ज करायचा. २०१७पासून ‘समाधान’ पोर्टल आहे, जून २०२५मध्ये ऑनलाइन तंटा मिटवण्याचं नवं पोर्टलही आलं. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, जमलं नाही तर लवाद. इथली गंमत अशी की गिऱ्हाईक भारतात कुठेही असो, प्रकरण पुरवठादाराच्या राज्यातली परिषद चालवू शकते. म्हणजे बंगळुरूच्या कंपनीनं महाराष्ट्रात यायचं, मी बंगळुरूला खेटे घालायचे नाहीत! निकाल विरोधात गेला आणि कंपनीला तो कोर्टात उलटवून घ्यायचा असेल, तर आधी निकालाच्या रकमेचे पंच्याहत्तर टक्के भरावे लागतात. कायद्यात नव्वद दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्षात प्रकरणं त्याहून लांबतात, हे काकांनी अनुभवानं सांगितलं. पण त्यांचंच म्हणणं असं की शंभरातल्या बहुतेकांना परिषदेपर्यंत जावंच लागत नाही. बिलावरची ओळ आणि एक नीट लिहिलेली नोटीस पुरते.

परदेशी गिऱ्हाइकांवर आपल्या परिषदेचा हात पोचत नाही, म्हणून तिथे पैसे आधी अडकवून ठेवणारी व्यवस्था शोधायची. अपवर्कसारख्या फ्रीलान्सिंगच्या संकेतस्थळांवर ठरावीक रकमेच्या कामात गिऱ्हाईक टप्प्याचे पैसे आधीच एस्क्रोमध्ये भरतं. आपण काम सादर केलं आणि चौदा दिवसांत त्यानं काहीच केलं नाही, तर पैसे आपोआप सुटतात. वाचताना मी चक्क ओरडले. हे तर आपल्या कायद्यातलंच! गप्प राहिलात म्हणजे काम पसंत. इकडे संसदेनं २००६मध्ये लिहिलेलं आणि तिकडे एका कंपनीनं आपल्या नियमांत घातलेलं, दोन्ही एकाच जागी येऊन पोचले. एकच पथ्य: टप्प्याचे पैसे भरलेत हे स्क्रीनवर दिसल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, आणि ‘बाहेरून देतो, कमिशन वाचेल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं.

न्यूयॉर्क शहरात तर १५ मे २०१७ पासून फक्त फ्रीलान्सरांसाठीचाच कायदा आहे. आठशे डॉलर किंवा त्याहून मोठं काम असेल तर लेखी करार सक्तीचा, तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे, आणि बुडवले तर दुप्पट भरपाई. नंतर न्यूयॉर्क राज्यानं, इलिनॉयनं, कॅलिफोर्नियानं तोच रस्ता धरला. तिथल्या फ्रीलान्सरांनी संघटना करून, रस्त्यावर उतरून हा कायदा मिळवला. आपल्याकडे २००६पासून धारदार कायदा कपाटात आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी तो हातात घेतलाय?

अनुवादकांसाठी, लेखकांसाठी आणखी एक. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे आपण कुणाचे नोकर नसू तर लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक आपणच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच दिले जातात. म्हणून माझ्या दरपत्रकात आता एक वाक्य असतं: पूर्ण रक्कम जमा झाल्यावर अनुवादाचे हक्क हस्तांतरित होतील. करारात आधीच हक्क देऊन टाकले नसतील तर हे वाक्य फार कामाचं आहे. पैसे न देता मजकूर छापणं मग नुसती उधारी उरत नाही.

आणि बिलाखालची ती ओळ. माझी अशी आहे: ‘उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग (सेवा). एमएसएमईडी कायदा, २००६च्या कलम १५ प्रमाणे देय मुदत व कलम १६ प्रमाणे विलंब व्याज लागू.’ त्याच्या वर नोंदणी क्रमांक, आणि बिलासोबत सर्टिफिकेटची पीडीएफ. ही ओळ घातलेलं पहिलं बिल गेलं तेव्हा मला वाटलं, आता काम देणं बंद करतील. झालं उलटंच. अकाउंट्सकडून उत्तर आलं की व्हेंडर मास्टरमध्ये नोंद केली आहे, आणि पैसे मुदतीच्या आत जमा झाले. मी एकही फोन केला नव्हता. त्यांच्याकडून पुढचं कामही आलं, आधीच्याच दरानं.

तुम्ही घरून काम करत असाल, किंवा तुमची मुलगी, सून, भाचा करत असेल, तर पुढचं काम हाती घेण्याआधी उद्यम नोंदणी करा. नोंदणी फुकट आहे. कुणी फी मागितली तर ते संकेतस्थळ सरकारी नाही, तिथून बाहेर पडा.